प्रेमचंद रायचंद : पत, प्रवर्तक आणि भागधारक

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर पाहिला नाही असा मुंबईकर विरळाच. २८० फूट उंचीचा हा मनोरा ज्या मातेच्या नावाने उभा आहे, तिच्या पुत्राचे नाव मात्र आज फारसे कोणाच्या ओठी येत नाही. एके काळी हे नाव नुसते उच्चारले तरी कंपन्या उभ्या राहत. ते ज्या कंपनीच्या पत्रकावर असे तिच्या भागांचा भाव कामाला सुरुवात होण्याआधीच दुप्पट-चौपट होई. आणि ते नाव डळमळले तेव्हा मुंबई इलाख्याची सरकारमान्य बँकही त्याबरोबर कोसळली. प्रेमचंद रायचंद हे ते नाव. कंपनीचा प्रवर्तक कोण आहे एवढे पाहून भाग विकत घेण्याची सवय आपल्याकडे आजही शाबूत असल्यामुळे या माणसाचे चरित्र पुन्हा एकदा वाचणे अगत्याचे आहे.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद यांचा व्यापार बेताचा होता. सुरतेचे वैभव ओसरून मुंबईचे वाढत होते, आणि त्या काळच्या अनेक गुजराती कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही मुंबईला आले. मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले, आणि हाच त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा लाभ ठरला. त्या वेळी रोख्यांची दलाली करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत, झाडाखाली उभे राहून त्यांचे व्यवहार चालत. इंग्रज पेढ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू शकणारा, त्यांची पत्रे वाचू शकणारा तरुण दलाल त्यांत उठून दिसला यात नवल नाही. हिशेब तोंडपाठ, स्मरणशक्ती तीव्र, वागणे साधे आणि शब्दाला पक्का अशी त्याची ख्याती झाली. विशी उलटण्याच्या सुमारास दलालीत शिरलेला हा तरुण तिशीत पोहोचेपर्यंत मुंबईच्या रोखे आणि कापूस बाजारातला अग्रगण्य दलाल झाला होता.

कापसाचे सोने

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापूस मुंबईच्या बंदरात येऊन पडू लागला. भाव चढत चढत तिपटीच्याही पलीकडे गेले. पुढील चार-पाच वर्षांत नेहमीच्या व्यापाराहून सात कोटी पौंडांच्या वर जादा संपत्ती मुंबईत आली, असा अंदाज त्या काळाच्या अभ्यासकांनी केला आहे.

प्रेमचंद यांनी या संधीचे सोने केले. लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून टपाल आणणाऱ्या आगबोटी बंदराला लागण्यापूर्वीच त्यांची माणसे होड्या घेऊन समुद्रात जात, असे सांगतात. कापूस पिकणाऱ्या मुलुखात त्यांचे अडते पसरलेले होते. बातमी हीच व्यापाऱ्याची खरी पुंजी, हे तत्त्व त्यांनी तारायंत्र सर्वत्र पोहोचण्याच्या आधी ओळखले होते. येथवर त्यांचा उत्कर्ष कोणत्याही कुशल व्यापाऱ्याला भूषणावह ठरावा असाच आहे.

प्रश्न पुढे उभा राहिला. एवढा पैसा शहरात आला खरा, पण त्याला राबवायचे कोठे? गिरण्यांचा धंदा नुकताच सुरू झालेला. रेल्वेचे भाग विलायतेत विकले जात. अशा वेळी रिकाम्या पैशाला वाट हवी असते, आणि ती वाट दाखवणारा माणूस आपोआप पुढारी होतो. १८६३ ते १८६५ या काळात मुंबईत कंपन्यांचे जे पीक आले त्याची मोजदाद आज वाचतानाही छाती दडपते. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. विमा, जहाज आणि कापूस दाबण्याच्या कंपन्या वेगळ्याच. यांतल्या कितीतरी कंपन्यांच्या मागे उघडपणे किंवा आडून प्रेमचंद यांचा हात होता. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन तर त्यांचीच निर्मिती मानली जाई.

नावाला मिळणारे अधिमूल्य

या कंपन्यांत सर्वांत गाजली ती बॅक बे रिक्लमेशन कंपनी. मुंबईच्या पश्चिमेचा समुद्र हटवून जमीन करायची, तीतला पट्टा रेल्वेला द्यायचा आणि उरलेली जमीन विकून नफा मिळवायचा, अशी तिची योजना होती. कल्पना खोटी नव्हती. मुंबईला जागा अपुरी पडत होती हे सर्वांना दिसत होते. तिचा ५,००० रुपये भरणा झालेला भाग मात्र तेजीच्या शिखरावर ५०,००० रुपयांपर्यंत पोहोचला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ५०,००० रुपये देऊन भाग घेणाऱ्याला दरसाल शेकडा ६ एवढाच मोबदला हवा असेल, तरी कंपनीने त्याला वर्षाला ३,००० रुपये लाभांश द्यायला हवा. म्हणजे मूळ भरणा झालेल्या भांडवलावर शेकडा ६० लाभांश, आणि तोही वर्षानुवर्षे! जिची जमीन अद्याप पाण्याखाली आहे, अशा कंपनीकडून ही अपेक्षा होती. साधे त्रैराशिक जाणणाऱ्या शाळकरी पोराला जे कळले असते, ते न्यायाधीश, डॉक्टर, सरकारी अधिकारी आणि पिढ्यान् पिढ्या व्यापार केलेले शेठिये यांना का कळू नये? कारण त्यांच्यापैकी फारच थोड्यांना लाभांश हवा होता. बहुतेकांना हवा होता तो पुढचा गिऱ्हाईक. भागाचा भाव कंपनी काय मिळवील यावर ठरत नव्हता. कंपनीमागे कोण आहे आणि त्याच्यावर लोकांचा भरवसा उद्याही राहील की नाही, यावर तो ठरत होता.

प्रवर्तकाच्या हातातली खरी सत्ता येथे होती. नवी कंपनी निघाली की तिचे भाग कोणाला किती द्यायचे हे प्रवर्तक ठरवी. मूळ किमतीत भाग मिळाला की तो बाजारात अधिमूल्याने विकता येई. म्हणजे नुसते वाटपपत्र हातात पडणे हीच देणगी होती. प्रेमचंद यांच्या भायखळ्याच्या बंगल्यावर सकाळपासून जी रीघ लागे ती या देणगीसाठी. तीत साहेब होते, शेठ होते, आणि ज्यांनी या कारभारावर देखरेख करायची ते लोकही होते. ज्याच्याकडून वाटप मिळवायचे त्याच्या हिशेबाला हरकत कोण घेणार? नेत्यावर अंकुश ठेवणाऱ्या प्रत्येकाला नेत्याच्या मर्जीत वाटा मिळाला की अंकुश उरत नाही. प्रेमचंद यांनी कोणाला लाच दिली असे म्हणण्याची गरजच नाही. त्या काळाच्या रीतीप्रमाणे तो शिष्टाचार होता. दोष नेमका या शिष्टाचारात होता.

बँकेची तिजोरी

एवढ्यावर भागले असते तर सट्टेबाजांचेच नुकसान झाले असते. आगीत तेल पडले ते बँक ऑफ बॉम्बेमुळे. १८४० साली स्थापन झालेली ही बँक इलाख्याची बँक होती. तिच्यात सरकारचे भाग होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्यास मूळ कायद्याने अटकाव केला होता. १८६३ च्या नव्या कायद्याने ही बंधने सैल झाली. भांडवल वाढवत वाढवत दोन कोटींच्या वर नेण्यात आले. एवढे भांडवल कामाला लावायचे तर कर्जे दिली पाहिजेत, आणि शहरात कर्ज मागणारे होते ते भागांचेच व्यापारी.

बँकेचे चिटणीस जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंद यांचा विलक्षण पगडा होता. प्रेमचंद यांनी एखाद्याची शिफारस करावी आणि बँकेने त्याला पैसे द्यावेत, असा प्रकार सुरू झाला. तारण म्हणून ठेवले जात ते त्याच कंपन्यांचे भाग, ज्यांचे भाव या कर्जाच्या पैशांनी चढलेले असत. भाव चढला की तारणाची किंमत वाढे. तारणाची किंमत वाढली की आणखी कर्ज मिळे. त्या कर्जातून आणखी भाग घेतले जात आणि भाव पुन्हा चढे. या चक्रात कोठेही कापसाचे एक बोंड पिकले नाही की जमिनीचा एक वार भरला गेला नाही. प्रवर्तक, दलाल, कर्जदार आणि बँकेचा अनधिकृत सल्लागार या चारही भूमिका एकाच माणसाकडे आल्या होत्या. अशा वेळी कंपनीच्या भागाचा भाव आणि त्या माणसाची पत या दोन गोष्टी वेगळ्या उरत नाहीत. लोक कंपनीचे भाग घेत आहेत असे दिसते. प्रत्यक्षात ते एकाच माणसाची हुंडी निरनिराळ्या नावांनी विकत घेत असतात.

१ जुलै १८६५

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले आणि अमेरिकेतले युद्ध संपले. ही बातमी मुंबईला पोहोचताच कापसाचे भाव कोसळले. भागांचे वायदे त्या वर्षीच्या १ जुलैला पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसे नव्हते आणि विकणाऱ्याला माल देऊन काही मिळण्यासारखे नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर होता आणि तो दुसरा तिसऱ्याच्या. बॅक बेचा ५०,००० ला गेलेला भाग २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग एके काळी २,८५० रुपयांना विकला गेला होता, त्याला पुढे ८७ रुपये येऊ लागले. म्हणजे शंभरातले तीन रुपये उरले.

या दोन घसरणींत फरक केला पाहिजे. बॅक बेचा भाग घेणाऱ्याला आपण सट्टा खेळतो आहोत हे ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते. बँकेचा भाग घेणारा मात्र सुरक्षितता विकत घेत होता. सरकार भागीदार, सरकारचे संचालक, इलाख्याची बँक. याहून भरवशाची जागा कोणती? ज्याने कधी झाडाखाली उभे राहून सौदा केला नाही, त्याच्या ठेवणीतल्या पैशालाही ही आग लागली. मुंबईतल्या कर्त्या मंडळींची कशी वाताहत झाली याची उदाहरणे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि दानशूर धन्वंतऱ्याला या लाटेने आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त केले. जमशेटजी टाटा यांचे वडील नसरवानजी यांनाही मोठी झळ बसली. प्रेमचंद यांच्या साथीने विलायतेत बँक काढण्याचा जो बेत होता आणि ज्यासाठी तरुण जमशेटजी लंडनला गेले होते, तो तसाच विरून गेला.

दिवाळखोरांची संख्या एवढी झाली की सरकारला १८६५ साली खास कायदा करावा लागला. १८६६ मध्ये खुद्द प्रेमचंद यांनाही हात वर करावे लागले. बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सर्व भांडवल बुडाले आणि १८६८ साली ती बंद करून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. १८४० च्या कायद्यातील बंधने काढली जाणे, नव्या अधिकारांचा चिटणिसांनी केलेला गैरवापर, संचालकांचे दुर्लक्ष आणि काळाची असाधारण परिस्थिती ही अपयशाची कारणे आयोगाने नोंदवली. एका माणसावर सगळे खापर फोडून आयोग मोकळा झाला नाही, ही त्याच्या अहवालातली मोलाची गोष्ट होय. प्रेमचंद यांनी मागितले हे खरे. पण नाही म्हणणे ज्यांचे काम होते त्यांनी ते म्हटले नाही.

दाता आणि देणे

आता या चरित्रातल्या अवघड भागाकडे वळू. तेजीच्या काळात प्रेमचंद यांनी केलेली दाने राजेरजवाड्यांना लाजवणारी होती. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये त्यांनी दिले. सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये बांधकामास आरंभ होऊन १८७८ मध्ये ते पुरे झाले. दृष्टी गमावलेल्या आईला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ टोल्यांवरून कळावी म्हणून हा मनोरा बांधला, अशी आख्यायिका आहे. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या २ लाखांतून सुरू झालेल्या प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांत सर आशुतोष मुखर्जी आहेत, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा ध्यास घेतलेले जदुनाथ सरकारही आहेत. सुरतेच्या दलालाने मुंबईच्या तेजीत मिळवलेल्या पैशाने कलकत्त्याचा विद्वान घडावा आणि त्याने शिवाजी महाराजांचे चरित्र लिहावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

हे दान खरे होते, त्यामागची भावनाही खरी होती. तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. ही लाखांची रक्कम कोणाची? ज्या फुगलेल्या भावांतून ती उभी राहिली, त्या भावांची भरपाई पुढे बँकेच्या भागधारकांनी केली. त्या अज्ञात भागधारकांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. दानाने पत वाढते, पतीने भाव वाढतो आणि भावाने दान देण्याची ऐपत वाढते, हे चक्र प्रेमचंद यांनी जाणूनबुजून फिरवले असे मी म्हणणार नाही. पण ते फिरत होते. शाळा-दवाखाने बांधणाऱ्या उद्योगपतीचा ताळेबंद तपासणे हा कृतघ्नपणा नव्हे. दान हे दात्याच्या स्वतःच्या नफ्यातून आले की दुसऱ्याच्या भांडवलातून, हे त्या ताळेबंदावरूनच कळते.

प्रेमचंद यांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले म्हणजे मात्र हा माणूस निव्वळ साहसवादी नव्हता हे पटते. शहर सोडून ते पळाले नाहीत. ज्या बाजारात त्यांचे नाव बुडाले होते त्याच बाजारात ते पुन्हा दलाल म्हणून उभे राहिले आणि चार दशके प्रतिष्ठेने जगले. १८७५ साली ३१८ दलालांनी एकेक रुपया प्रवेशशुल्क देऊन जी संघटना स्थापली आणि जिच्यातून आजचा मुंबई शेअर बाजार वाढला, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. झाडाखालच्या बाजाराला नियम हवेत हे ज्याने नियमांवाचून काय होते ते अनुभवले त्याला अधिक कोणाला कळणार! ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई त्यांना विसरली नव्हती. पण १८६४ च्या प्रेमचंदशेठांना ओळखणारी पिढी तोवर जवळजवळ संपली होती.

आजचा भागधारक

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९०७ मध्ये, टाटांच्या पोलाद कंपनीसाठी मुंबईत भागविक्री झाली. सुमारे तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल पुरवले. येथेही लोकांनी नावावरच विश्वास ठेवला होता, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्या नावामागे नागपूरच्या एम्प्रेस मिलची तीस वर्षांची चालती चाके होती, आणि या कंपनीसाठी खनिजाची, कोळशाची आणि पाण्याची आधी केलेली पाहणी होती. नेतृत्वाचे मोल भागाच्या किमतीत जरूर असावे. ते त्याने करून दाखवलेल्या कामाच्या प्रमाणात असावे, एवढाच याचा अर्थ.

बॅक बेची कल्पना तरी कोठे खोटी ठरली? ती जमीन पुढे १९२० नंतरच्या दशकांत सरकारने भरून घेतली, तिच्यावर मरीन ड्राइव्ह उभा राहिला आणि आज ती देशातल्या महागड्या जागांपैकी एक आहे. १८६४ चा भागधारक मात्र तेव्हाच बुडाला होता. चांगली कल्पना आणि चांगला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितले नाही.

१९९२ मध्ये बँकांचा पैसा रोखेबाजारात वळवून भाव चढवण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा त्यात स्टेट बँकेचेही नाव होते. बँक ऑफ बॉम्बे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि ती १९५५ मध्ये स्टेट बँकेत परिणत झाली, हे ठाऊक असणाऱ्याला इतिहासाची ही पुनरावृत्ती बोचल्याशिवाय राहत नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये सत्यम् कंपनीच्या प्रवर्तकांनी आपल्याच कुटुंबाच्या जमीन आणि बांधकाम कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला. भागधारकांच्या विरोधामुळे तो फसला. पुढच्याच महिन्यात हिशेब खोटे असल्याची कबुली अध्यक्षांनी दिली आणि एका दिवसात भागाची तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत नाहीशी झाली. कंपनीच्या संचालक मंडळावर नामवंत मंडळी होती. १८६५ च्या बँकेतही होती.

त्यानंतर प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले भाग जाहीर करण्याची सक्ती झाली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालक आणि संबंधितांशी होणारे व्यवहार यांबाबत कडक तरतुदी केल्या. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. पण कायदा हा संचालकाच्या हाती दिलेला अधिकार असतो. तो वापरण्याचे धैर्य कायद्याने देता येत नाही. एखाद्या प्रवर्तकाच्या नुसत्या नावाने भाव चढत असेल, तर भागधारकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या भावाला पुरून उरेल एवढे कंपनी कधी मिळवणार? हा भाव कर्जाच्या पैशावर तर उभा नाही? आणि या माणसाला नाही म्हणू शकेल असा कोणी त्या मंडळात आहे काय? १८६४ साली भायखळ्याच्या बंगल्यासमोर उभ्या असलेल्या रांगेत एखाद्याने जरी हे प्रश्न विचारले असते, तरी त्याचे घर वाचले असते. राजाबाई टॉवरचे टोले पडत असतात. ते ऐकून वेळेवर सावध होणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे.